विषय: सासूबाईंच्या गुडघेदुखीसाठी कॅनडाहून सीबीडीचे तेल आणावे का?

फोंड्याहून

सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

टोरांटोत बावीस वर्षे काढून आम्ही फोंड्याला परतलो, तरी तिथल्या मराठी मंडळाच्या चर्चा-यादीवर आमचे नाव अजून आहे, आणि आज त्याच हक्काने विचारते आहे. माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, आणि हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे त्या वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. पहाटे उठून तुळशीला पाणी घालण्याचा त्यांचा नेम होता. आता सोप्यावरून अंगणात उतरायचे म्हटले की त्या पायरीवर दोन्ही हात टेकून बसतात आणि बसल्या बसल्याच खाली सरकतात. ते बघवत नाही. आमचा मुलगा नाताळच्या सुट्टीत येतो आहे आणि तिकडच्या दुकानातले सीबीडीचे (गांजाच्या झाडातल्या, नशा न आणणाऱ्या द्रव्याचे) तेल आणू का, असे विचारतो. कॅनडात ते कायदेशीर आहे, शिवाय आपल्या आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, सांगितलेली आहेच, असे त्याचे म्हणणे आहे. औषधांच्या क्षेत्रात काम केलेले कुणी यादीवर असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

पर्वरीहून

वहिनी, नमस्कार.

ऑन्टारिओत मी सत्तावीस वर्षे फार्मसी चालवली, त्या अनुभवावरून लिहितो. ती बाटली आणू नको, असे मुलाला आजच कळवा. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला हे खरे, परंतु गांजा किंवा त्यापासून केलेले तेल देशाबाहेर नेण्यास तिथलाच कायदा मनाई करतो; डॉक्टरांची चिठ्ठी असली तरीही. इकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा लागू होतो. त्यात गांजा (म्हणजे फुलोरा) आणि चरस येतात, नुसती पाने येत नाहीत, आणि म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या हाती राहिला. पण तिकडची तेले बहुधा फुलोऱ्यापासून काढतात आणि त्यांत थोडे टीएचसी (नशा आणणारे द्रव्य) उरतेच, त्यामुळे मुलगा मुंबईला उतरो की गोव्यातल्या मोपा विमानतळावर, कस्टमसमोर तो अडचणीत येऊ शकतो. २०२० च्या डिसेंबरात औषधी गांजाच्या लागवडीच्या प्रस्तावावरून आपल्याकडे वाद झाला, तेव्हापासून गोव्यात हे सारे मोकळे झाले, असा समज मी पणजीत अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो चुकीचा आहे.

विजयेबद्दल मुलगा म्हणतो ते बरोबर आहे, पण अर्धेच. आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत भांगेचे नाव विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे.

आता मुख्य प्रश्न गुडघ्यांचा. काही आजारांत या वनस्पतीतील द्रव्यांचा उपयोग पक्का ठरला आहे: लहान मुलांच्या काही दुर्धर आकडींवर शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू ताठरतात त्यावर तोंडात मारायचा फवारा अनेक देशांत वापरतात. दीर्घकालीन दुखण्याचे चित्र मात्र बरेच फिके आहे. २०२१ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात खोट्या औषधाच्या (दिसायला तसेच, पण आत औषध नसलेल्याच्या) तुलनेत शंभरातल्या जेमतेम दहा जास्त लोकांना जाणवण्याइतका आराम पडल्याचे दिसले. त्याच वर्षी वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दुखण्यासाठी याच्या सरसकट वापराला पाठिंबा देण्याचे नाकारले. तुमच्या सासूबाईंना नेमका लागू पडणारा अभ्यास व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठाचा, २०२३ चा. गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णांना पॅरासिटामोलसोबत दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत सीबीडी दिले, तरी खोट्या गोळीपेक्षा अधिक गुण आला नाही. दुकानातल्या तेलाच्या चार थेंबांत याच्या पासंगालाही पुरेल इतके सीबीडी नसते.

माझी खरी काळजी वॉर्फरिनची आहे. यकृतातील जी विकरे (एन्झाइम) वॉर्फरिनचा निचरा करतात, त्यांनाच सीबीडी अडवते. मग रक्तात वॉर्फरिन साचते आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढतो. माझ्या काउंटरवर एकदा एक आजोबा दोन्ही हातांची मनगटे पुढे करून उभे राहिले, आणि त्यांवर जांभळासारखे काळेनिळे डाग होते. शेजाऱ्याने दिलेले तेल ते तीन आठवडे घेत होते आणि त्यांनी ते कुणालाच सांगितले नव्हते. दोन ते तीनच्या दरम्यान राहायला हवा असलेला त्यांचा आयएनआर पाचाच्या वर गेला होता. त्यातच तेलात टीएचसी असेल तर म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना चक्कर येते, आणि रक्त पातळ असताना डोक्यावर पडणे फार घातक ठरते.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) अस्थिरोग विभागात त्यांना दाखवा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, आणि आधी घरातला औषधांचा डबा रिकामा करून त्या खरोखर काय काय घेतात ते बघा. पॅरासिटामोलसुद्धा रोज नेमाने घेतल्यास आयएनआर वाढू शकतो, हे तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

फोंड्याहून

भाऊ, तुमचे मनापासून आभार.

मुलाशी बोलले. आजीसाठी काहीतरी आणायचे त्याच्या मनात होते, म्हणून तो हिरमुसला, पण त्याला पटले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी डबा टेबलावर पालथा केला. वॉर्फरिनच्या खाली आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीच्या दोन स्ट्रिप निघाल्या, त्यातली एक संपत आलेली. शेजारच्या काकींनी दिलेली गोळी त्या रोज रात्री घेत होत्या आणि आम्ही रागावू नये म्हणून सांगत नव्हत्या. डॉक्टरांना लगेच फोन केला, वॉर्फरिनसोबत ती रक्तस्रावाचा धोका वाढवते म्हणून त्यांनी ती बंद करायला सांगितले आहे. उद्या सकाळी आयएनआरसाठी रक्त द्यायला त्यांना नेते आहे. दोन्ही स्ट्रिप पर्समध्ये ठेवल्या आहेत.