मदत हवी आहे: ऊसतोडीच्या तळावर बाळाला सांभाळायची सोय कशी करायची?

माझ्या वर्गातली सातवीची हुशार मुलगी दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाते. ती कोयता धरत नाही. कोपीवर (तळावरच्या तात्पुरत्या झोपडीत) दीड वर्षाच्या भावाला सांभाळते. मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली, त्यामुळे आई घरी राहू शकत नाही. गावातल्या हंगामी वसतिगृहात मुलीला ठेवायला दोघं तयार आहेत, पण बाळाकडे बघायला मागे कुणीच नाही. स्थलांतरित मुलांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड देऊन पाहिलं; बाळाला कडेवर घेऊन ती तिकडच्या वर्गात बसणार कशी? शिक्षण हक्क कायदा 2009 मुळे दाखल्यावाचूनही प्रवेश मिळतो, तो प्रश्न नाही. सगळं बाळापाशी अडतंय. तळावर अंगणवाडी किंवा पाळणाघर कुणी सुरू करून घेतलंय का? अर्ज साखर कारखान्याकडे केलात की बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे?