लाड नव्हेत हे

लेकीची आई: ‘ट्रान्स मुलं जन्मत नाहीत, अतिलाड करणारे आईबाप ती घडवतात.’ परवा एका काकांनी लिहिलेलं हे वाक्य डोक्यातून जात नाही. माझी लेक जन्मली तेव्हा सगळ्यांनी मुलगा म्हटलं. बोलू लागली ती मात्र ‘मी जाते, मी खेळते’ असंच. दोन वर्षं आम्ही टोकत राहिलो, ‘जातो म्हण’. मग तिने वाट काढली. ‘मला जायचंय.’ ‘मला हवंय.’ क्रियापदात आपण सापडू नये म्हणून पाच वर्षांचं पोर वाक्यं फिरवत होतं, आणि आम्हाला ते कळायला वर्ष गेलं. यात लाड कुठे दिसले?

रोखठोक: मीच तो काका. एवढ्या पोराला कसलं व्याकरण? काही भागांत बायकाही ‘मी आलो’ म्हणतात. त्या काय पुरुष झाल्या?

शुद्धलेखनवाला: मूळ विषय बाजूला, पण मुद्दा भाषेचा आहे. ‘मी येईन’ला लिंग नाही. ‘मी पुस्तक वाचलं’ यात क्रियापद पुस्तकामागे जातं. ‘मूल’ तर नपुंसकलिंगीच. मराठीत लिंग टाळून दिवसभर बोलता येतं.

रोखठोक: मग वाद कशाला?

लेकीची आई: टाळता येतं हे तिने पाचव्या वर्षी शोधलं. तिला का टाळावं लागलं, ते सांगा. ‘मी आलो’ म्हणणाऱ्या बाईला कुणी पुरुष समजत नाही हो.

एकेकाळची दांडगट: मीही मुलांचेच कपडे घालायचे, केस कापून घ्यायचे. आज दोन मुलांची आई आहे. तुमच्यासारखे पालक असते तर माझं काय झालं असतं?

लेकीची आई: तुम्ही ‘मी मुलगा आहे’ म्हणायचात, की ‘मला मुलांसारखं खेळू द्या’?

एकेकाळची दांडगट: दुसरं. बरं, एवढं मान्य. पण वयात येताना काय? 2024 मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने वयात येणं लांबवणारी औषधं सरसकट देणं थांबवलं. तिथल्याच बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या अहवालानेही पुरावा कच्चा म्हटला.

लेकीची आई: वाचलाय, आणि धास्तीही वाटते. पण वयात येण्याआधी औषध नसतंच. नाव, कपडे, केस, बस. अमेरिका आणि कॅनडात असं सामाजिक पातळीवर लिंग बदललेल्या 317 मुलांचा अभ्यास 2022 मध्ये आला. सरासरी 5 वर्षांनी त्यातली 94 टक्के ट्रान्सच होती.

रोखठोक: ती सगळी पाठिंबा देणाऱ्या घरांतली. घरच्यांनी उचलून धरलं तर पोर मागे कसं फिरेल?

थोरली बहीण: काका, पाठिंबा न देणारं घर आमचं होतं. माझा भाऊ, ज्याला सगळे माझी बहीण म्हणायचे, सतराव्या वर्षी निघून गेला. मागे फिरला नाही तो. आई अजून फोनवर जुन्याच नावाने हाक मारते आणि तो फोन ठेवून देतो. उचलून धरा नाहीतर आपटा, तो तोच राहिला. फक्त आमचा राहिला नाही. आणखी किती पुरावा हवाय तुम्हाला?

रोखठोक: ओरडू नका. वाईट झालं. ‘घडवतात’ हा शब्द मागे घेतो. बाकीचं नाही.

लेकीची आई: बाकीचं काय ते नीट लिहा, उत्तर देईन. आत्ता उठते. दारातून ‘आई, मी आले’ ऐकू आलं.