विषय: काउंटीला द्यायचं पत्र – तिसऱ्या वाक्याचं काय करायचं?

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

ज्या चर्चच्या बेसमेंटमध्ये आपली शाळा आणि गणपती असतो ते पाडून तिथे ज्येष्ठांसाठी परवडणारी घरं बांधायची आहेत, आणि त्याला पाठिंबा देणारं पत्र चर्चने आपल्याकडे मागितलं आहे. त्या पत्राच्या मसुद्यावर कालपासून अकरा उत्तरं आली आणि अकराही तिसऱ्या वाक्याबद्दल. चर्चच्या पास्टरबाईंना पत्र मंगळवारी रात्रीपर्यंत हवं आहे, शनिवारी काउंटी बोर्डापुढे (इथल्या स्थानिक सरकारपुढे) सुनावणी आहे. वाक्य असं आहे: "नव्या इमारतीत २०० माणसांचा हॉल व स्वयंपाकघर आमच्यासारख्या संस्थांना मिळेल या अटीवर आमचा पाठिंबा आहे." ‘अटीवर’ ठेवायचं की काढायचं, एवढंच कळवा.

---

प्रेषक: नाना

ठेवायचं. अठरा गणपती त्या बेसमेंटमध्ये बसले. मखर, सतरंज्या, ढोल, समया, सगळं बॉयलरशेजारच्या खोलीत आहे, आणि त्या खोलीचं भाडं चर्चने आपल्याकडून कधी घेतलेलं नाही. याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे. पण इमारत पाडली की दोन-तीन वर्षं आपण कुठे जायचं? मधे एक वर्ष शाळेची जिम घेतली होती तेव्हा सफाई कामगाराचे तासाचे पैसे वेगळे लावले, रात्री नऊला दिवे घालवले, आरती अर्धवट राहिली. ज्यांनी तो प्रसंग पाहिला आहे ते ‘अटीवर’ काढा म्हणणार नाहीत.

---

प्रेषक: सुनंदा (मराठी शाळा)

नाना, शाळा दर शनिवारी असते. गणपती दहा दिवसांचा. जागेची सगळ्यात जास्त गरज आम्हाला आहे, तरी मी म्हणते काढा. रविवारी वर चाळीस माणसं प्रार्थनेला येतात आणि छताची गळती थांबत नाही. त्यांनी जागा एखाद्या महागड्या अपार्टमेंटवाल्याला विकली असती तर आपल्याला कोणी पत्र मागितलं असतं का?

मी मुद्दाम आर्लिंग्टनच्या कोलंबिया पाइक रस्त्यावरची गिलियम प्लेस ही इमारत बघून आले. तिथे आर्लिंग्टन प्रेस्बिटेरियन चर्चची दगडी इमारत होती. त्यांनी ती जागा एका ना-नफा गृहसंस्थेला विकली, चर्च पाडलं, २०१९ मध्ये १७३ परवडणारी घरं उभी राहिली. चर्च तळमजल्यावर परत आलं. इमारतीला नाव दिलं ते त्या चर्चच्या पहिल्या कृष्णवर्णीय एल्डरचं, म्हणजे निवडून दिलेल्या कारभाऱ्याचं. ती घरं सगळ्या वयाच्या लोकांसाठी आहेत, आपल्याकडची फक्त ज्येष्ठांसाठी असतील.

---

प्रेषक: केतन

माझं कामच या घरांच्या पैशांचं आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

हॉलसाठी पैसा कुठून येणार, हा खरा अडथळा आहे. अशा इमारती बहुतेक टॅक्स क्रेडिटवर, म्हणजे सरकारने दिलेल्या करसवलतीवर, उभ्या राहतात. ही योजना १९८६ ची. बांधणारी संस्था क्रेडिट गुंतवणूकदाराला देते आणि त्या बदल्यात भांडवल मिळतं. पण क्रेडिट मोजलं जातं घरांच्या आणि रहिवाशांच्या सामायिक जागेच्या खर्चावर. रहिवाशांची बैठकीची खोली त्यात बसते, बाहेरच्यांना भाड्याने द्यायचा हॉल बसत नाही. म्हणजे २०० माणसांच्या हॉलचा पैसा चर्चला स्वतःच्या खिशातून घालावा लागेल. तळमजला वेगळा काढून चर्चने स्वतःच्या मालकीचा ठेवला तर जमू शकतं, पण तो निर्णय त्यांचा. आपण काउंटीला लिहून त्यांच्यावर लादायचा नाही.

दुसरं, ‘अटीवर’ हा शब्द विरोधक उचलतील. आर्लिंग्टनमधल्याच क्लॅरेंडन भागातल्या बाप्टिस्ट चर्चचं आठवून बघा. मनोरा ठेवला, चर्च खालच्या मजल्यांवर, वर ११६ घरं, त्यांतली ७० परवडणारी. शेजाऱ्यांनी कोर्टात नेलं. सरकारी पैशाने धर्माला मदत होते असा दावा होता, तो अपील कोर्टाने २०१० मध्ये फेटाळला, आणि लोक राहायला आले २०१२ मध्ये. आपल्या पत्रात गणपतीचा हॉल ही पाठिंब्याची अट असेल तर आपण त्याच वादाला पुन्हा तोंड फोडून देऊ.

---

प्रेषक: अविनाश

केतनशी सहमत. पण मग हॉलऐवजी मराठी ज्येष्ठांसाठी दहा घरं राखीव मागू या. इतकी वर्षं भाडं भरलं आहे.

---

प्रेषक: केतन

अविनाशदादा, ते मागताच येणार नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याप्रमाणे वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून घर देणं बेकायदा आहे. सरकारी पैसा असलेल्या या घरांत चर्चला स्वतःच्या सभासदांसाठीही घरं राखून ठेवता येणार नाहीत. वयाची अट चालते, तेवढी सूट आहे: सगळे रहिवासी ६२ किंवा त्याहून जास्त वयाचे, किंवा निदान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ किंवा त्याहून जास्त वयाचं. आपल्या हातात आहे ते अर्ज वेळेवर भरून देणं. प्रतीक्षायादी उघडते आणि लवकर बंद होते, आपल्या लोकांना नंतर कळतं.

---

प्रेषक: माई

नातीकडून टाइप करून घेते आहे.

मी मुलाकडे राहते. मुलगा, सून दोघंही चांगली आहेत, हे आधी लिहिते, गैरसमज नको. सकाळी साडेसातला सगळे जातात आणि सहाला येतात. बस थांबा पावणेदोन मैलांवर आहे, रस्त्याला पदपथ नाही. मी गाडी चालवत नाही. शनिवारी शाळेत पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवायला येते तेवढंच माझं बाहेर पडणं. चर्चपासून मेट्रो चार मिनिटांवर आहे, मी चालून बघितलं आहे. मला स्वतःच्या दाराची किल्ली हवी आहे. वाचनालयात जायचं, भाजी आणायची, कोणाला न विचारता.

तुम्ही हॉलचं ठरवा. पण भाडं किती असेल हे कोणी लिहिलंच नाही.

---

प्रेषक: नाना

सुनंदा, गणपती दहा दिवसांचा असला तरी तयारी महिनाभर चालते, हे तुला माहीत आहे. आणि स्वयंपाकघर साधं चालत नाही. चारशे मोदक वाफवायचे तर मोठी शेगडी आणि धूर खेचणारा पंखा लागतो, नाहीतर फायर अलार्म वाजतो. तेवढं तरी लिहा.

---

प्रेषक: केतन

माई, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो माझ्याकडून राहून गेला.

दोन प्रकार आहेत. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची जुनी योजना, सेक्शन २०२, १९५९ ची. तिच्यात साधारणपणे भाडं तुमच्या उत्पन्नाच्या ३० टक्के असतं, उत्पन्न कमी तर भाडंही कमी. टॅक्स क्रेडिटच्या घरात तसं नसतं. तिथे भाडं त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यावर बांधलेलं असतं. घर ६० टक्क्यांच्या गटातलं, म्हणजे त्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांसाठीचं असेल आणि तुमचं स्वतःचं उत्पन्न जवळजवळ नसेल, तर ‘परवडणारं’ घरही परवडत नाही. मुलगा दरमहा पैसे देत असेल तर ते उत्पन्नात धरतात. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर तेही.

म्हणून आपल्याला खरंच काही मागायचं असेल तर हे मागू या: ३० टक्क्यांच्या गटातली, म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतच कमावणाऱ्यांसाठीची घरं जास्त असावीत. आपले बरेचसे आईवडील इथे नोकरी न करता आलेले आहेत, त्यांना इथली पेन्शन नाही. ही मागणी कोणत्याही ज्येष्ठासाठी रास्त आहे आणि बोर्ड ती ऐकूनही घेतं.

---

प्रेषक: सुनंदा (मराठी शाळा)

हेच तिसरं वाक्य करा. हॉलचं चौथं वाक्य, विनंती म्हणून. आणि माईंची परवानगी असेल तर सुनावणीला त्यांनी दोन मिनिटं बोलावं. मराठीत बोला माई, मी शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगेन.

---

प्रेषक: नाना

माई, तुम्ही शनिवारी शाळेत असता, मी कधी विचारलं नाही की घरी कशा जाता. शनिवारी मी सोडेन.

‘अटीवर’ काढा. मखर माझ्या गॅरेजमध्ये येईल, गाडी बाहेर उभी करीन. ढोलांना मात्र ओल चालत नाही, ते कोणीतरी घरात घ्या. स्वयंपाकघराचं वाक्य राहू द्या, पंख्यासकट.

---

प्रेषक: सचिव

नवा मसुदा. तिसरं वाक्य: "अत्यल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी ३० टक्के गटातली घरं शक्य तितकी वाढवावीत." चौथं: "तळमजल्यावर स्वयंपाकघरासह सभागृहाचा विचार चर्चने व गृहसंस्थेने करावा, अशी विनंती." पंखा पत्रात घालत नाही, नाना, तो पास्टरबाईंशी प्रत्यक्ष बोलू. उद्या सकाळी नऊपर्यंत हरकत आली नाही तर पाठवते. सहा ढोल आहेत, दोन माझ्याकडे.

---

प्रेषक: माई

बोलेन. एक विचारायचं आहे, केतन. वयाचा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त शाळा सोडल्याचा दाखला आहे, मिरजेचा. जन्मदाखला कधी काढलाच नव्हता.

---

प्रेषक: केतन

तुमच्या ग्रीन कार्डावर जन्मतारीख आहे, माई, ते आणा. दाखलाही आणा. शाळा सुटल्यावर बसू.