व्हेल शार्कचं नवजात पिल्लू: मॉडेलची मापं आणि नकाशा

तापीकाठ_चोपडा: राम राम मंडळी. तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीची मुलं व्हेल शार्कच्या नवजात पिल्लाचं खऱ्या मापाचं मॉडेल करताहेत. लांबी किती धरावी? शिवाय नकाशात तापीच्या मुखाशी ‘पिल्लांचं पाळणाघर’ असं लिहायचं म्हणतात. चालेल का?

मुशी_अभ्यास: 60 सेंमी धरा, ताई. 1995 साली तैवानजवळ 10.6 मीटरची गाभण मादी मिळाली होती. पोटात सुमारे 300 पिल्लं, 42 ते 64 सेंमीची. अंडी पोटातच फुटतात. मोठ्या पिल्लांच्या पोटाखालची बलकाची पिशवी संपली होती, धाकट्यांची लोंबत होती. म्हणजे सगळी एकाच दमात जन्माला येत नसावीत.

जाळीवर कागदाचा लगदा लावा. तोंड डोक्याच्या अगदी टोकाला, रुंद आणि आडवं. बाकीच्या मुशींसारखं, म्हणजे शार्कसारखं, खाली नको. दोन्ही बाजूंना पाच-पाच कल्ल्यांच्या फटी, पाठीवर लांबट कंगोरे. पांढरे ठिपके जन्मापासूनच असतात, ते अंगाचा राखाडी रंग पुरता सुकल्यावरच द्या, नाहीतर पसरतात. खरी चूक शेपटीत होते. ती उभी हवी, देवमाशासारखी आडवी नव्हे, आणि पिल्लात वरचा भाग खालच्यापेक्षा बराच लांब असतो. मोठ्या शार्कचा फोटो बघून कापली की अर्धचंद्र होतो.

खाडीवाला: तापीचं नाव खोडाच. हा मासा नदीत शिरत नाही, आणि तापीच्या मुखाजवळच्या डुमसपुढचं पाणी फार गढूळ. गुजरातेत तो दिसतो सौराष्ट्राकडे, वेरावळ-सूत्रापाड्याच्या बाजूला. पिल्लांचं म्हणाल तर 2009 साली फिलिपिन्सच्या सोर्सोगोनमध्ये किनाऱ्यालगत 46 सेंमीचं जिवंत पिल्लू सापडलं. पण भर समुद्रातल्या निळ्या मुशीच्या आणि मार्लिन या मोठ्या शिकारी माशाच्या पोटातही पिल्लं निघाली आहेत. एखाद्या जागेला पाळणाघर म्हणायला तिथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त पिल्लं, बराच काळ, वर्षानुवर्षं दिसायला हवीत. एका पिल्लावरून ते ठरत नाही. नकाशात ‘पिल्लू आढळल्याची नोंद’ एवढंच लिहा.

तापीकाठ_चोपडा: तसंच करते. जाळ्यात पिल्लू आलं तर काय करावं, याचीही चौकट टाकू का?

खाडीवाला: जरूर. पिल्लू पाण्यातच ठेवून जाळं कापायचं, शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही, कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत. 2001 पासून या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. महाराष्ट्रात संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सुटकेचे फोटो मात्र काढून ठेवावे लागतात.