‘खाई त्याला खवखवे’ हा पुरावा कधीपासून झाला?

आरोप झालेला नामवंत माणूस पत्रकारांसमोर येतो. तिसऱ्या प्रश्नाला त्याचा आवाज चढतो, तो कॉलरचा माइक ओढून काढतो आणि निघून जातो. लगेच निकाल लागतो: "कर नाही त्याला डर कशाला!" मला याची भीती वाटते.

ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये लिंडी चेंबरलेन यांची नऊ आठवड्यांची मुलगी उलुरूजवळच्या तंबूतून नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने नेली, असं त्या सांगत होत्या. पण टीव्हीवर त्या रडल्या नाहीत, शांतपणे बोलल्या. बाई थंड काळजाची, असं लोकांनी ठरवून टाकलं. १९८२ मध्ये जन्मठेप झाली. १९८६ मध्ये डिंगोंच्या बिळांच्या परिसरात बाळाचं जाकीट सापडल्यावर त्या सुटल्या. मृत्यू डिंगोमुळेच झाला, ही अधिकृत नोंद व्हायला २०१२ उजाडलं.

प्रतिसाद १
ती एक सामान्य आई होती. पैसा आणि वकील हाताशी असलेल्यांचं बोला. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग उत्तेजक द्रव्यं घेतल्याचा आरोप नुसता नाकारून थांबला नाही. संघातल्या मालिश करणाऱ्या बाईंनी खरं सांगितलं, तर त्यांचीच बदनामी केली. वृत्तपत्रावर खटला भरून पैसे वसूल केले. शेवटी २०१३ मध्ये कबुली दिलीच ना? चोराच्या उलट्या बोंबा ओळखता आल्याच पाहिजेत.

धागाकर्ती
ओळखल्या कुणी? तो गरजत होता तेव्हा जग त्याच्याच बाजूने होतं. त्याला पकडलं ते सहकाऱ्यांनी शपथेवर दिलेल्या जबान्यांनी.

प्रतिसाद २
माझ्यावर एकदा रोकड कमी भरल्याचा आळ आला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि मी ओरडलो. हातातली पावतीपुस्तकं खाली पडली, ती उचलताना बोटं थरथरत होती. "बघा, कसा घाबरलाय," असं मागून कुणीतरी म्हणालं. दोन दिवसांनी एकच पावती दोनदा नोंदलेली सापडली. त्या खोलीतल्या नजरा मी अजून विसरलेलो नाही. २०२१ च्या एका संशोधनात हेच दिसलं: लोक रागाला अपराधाची खूण मानतात, पण खोटा आळ आलेलाच जास्त चिडतो.

प्रतिसाद १
तुमचं वाचून वाईट वाटलं. रागाचा मुद्दा सोडतो मग. पण माणूस काय दाबून ठेवतो, हे तरी बघाल की नाही? "मी बदमाश नाही," असं वॉटरगेट प्रकरण, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी, दडपल्याचा आरोप असलेले अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये म्हणाले, आणि स्वतःच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या टेप मात्र न्यायालयाने भाग पाडेपर्यंत पुरत्या दिल्या नाहीत.

धागाकर्ती
टेप अडवल्या, यावर बोट ठेवा, मी तुमच्यासोबत आहे. ती कृती आहे, तिला तारीख आहे, त्याबद्दल जाब विचारता येतो. कपाळावरच्या घामाबद्दल काय विचारणार?