बाइकला फॉग लाइट आणि मोबाइल चार्जर: लाइन कुठून घ्यावी?

बुटीबोरी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. माझी १५० सीसीची बीएस-६ गाडी आहे, इंजेक्शनवाली. नागपूरच्या मनीषनगरहून बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी, सेकंड शिफ्ट सुटली की रात्री वर्धा रोडने परत. समोरून ट्रक आला की आपल्या हेडलाइटमध्ये रस्त्याची कड दिसतच नाही, आणि कडेलाच गुरं बसलेली असतात. म्हणून २० वॅटचे दोन एलईडी फॉग लाइट आणि एक यूएसबी चार्जर घेऊन ठेवला.

आता बर्डीतला एक इलेक्ट्रिशियन म्हणते, हेडलाइटच्या वायरलाच जोडून देतो. शेजारचे काका म्हणतात, सरळ बॅटरीवरून घे. सर्व्हिस सेंटरवाले सांगून राहिले की वायर कापली तर वॉरंटी जाईल. कोणाचे ऐकू? गाडीला किक नाही, बॅटरी उतरली तर रात्री ढकलत यावे लागेल.

ऑरेंज_रायडर

मी चार्जर पार्किंग लाइटच्या वायरवरून घेतला आहे, चालून राहिला व्यवस्थित. फॉगसाठी मात्र रिले लागतोच म्हणतात. जाणकारांनी सांगावे.

नंदनवन_वायरमन

भाऊ, हेडलाइटच्या वायरला हात लावू देऊ नका. ती वायर कंपनीने त्या एका दिव्याच्या हिशोबाने टाकलेली असते. त्यावर आणखी ४० वॅट टाकले की वायर आणि कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) तापतात. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर एकाच मेन फ्यूजवर सगळे असते. तो फ्यूज रात्री चालत्या गाडीत उडाला तर दिवाही गेला आणि इंजिनही. मागून ट्रक येत असताना हे व्हायला नको.

काकांचे अर्धे बरोबर आहे. लाइन बॅटरीवरूनच घ्या, पण मधात फ्यूज आणि रिले पाहिजे. रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठी लाइन चालू-बंद करणारा स्विच.

आधी हिशोब करा. ४० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे साधारण ३.३ अँपिअर. चार्जर १५ वॅटचा असेल तर तो दीडच्या आत. एकूण पाचच्या खाली. १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि ७.५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आतच बसवा. लोक तो दिव्याजवळ लावतात, मग मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते. टाकीखाली घासून फ्रेमला लागली तर तिचा करंट तोडणारे कोणीच नसते.

रिलेवर नंबर असतात. ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरीची लाइन. ८५ ला अर्थ, म्हणजे बॅटरीचा मायनस. ८६ ला अशी वायर, जिच्यात चावी फिरवल्यावरच करंट येते. ८७ मधून दोन फाटे काढा: एक चार्जरला, स्वतःचा ३ अँपिअरचा फ्यूज देऊन, दुसरा हँडलवरच्या स्विचमधून फॉगला. चावी बंद की सगळे बंद.

हे चावीचे एवढे काहून सांगून राहिलो? व्होल्ट दाखवणारे चार्जर मोबाइल नसतानाही करंट ओढत राहतात. २० मिलीअँपिअर धरले तरी दिवसाला अर्धा अँपिअर-तास जाते. तुमच्या गाडीची बॅटरी ४-५ अँपिअर-तासांची. आठवडाभर गावी गेलात तर परत आल्यावर सेल्फ मारणार नाही.

इंजिनमधली वीज बनवणारी कॉइल एवढा लोड पेलते का, तेही मोजून पाहा. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असते, म्हणजे कॉइलचा तेवढा वाटा आधीच गेलेला. मल्टीमीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास दिसायला पाहिजे. मग सगळे चालू करून रस्त्यावर ठेवता तेवढी रेस द्या. १३.५ च्या वर राहिले तर निश्चिंत चालवा. १३ च्या खाली उतरत गेले तर बॅटरीतून खाऊन राहिले. कमी वॅटचे दिवे घ्या. आयडलवर थोडे उतरते, म्हणून सिग्नलवर फॉग बंद करायची सवय ठेवा.

बुटीबोरी_शिफ्ट

दादा, खूप आभार. ८६ साठी चावीची वायर न कापता कशी मिळेल? आणि जोडाला टेप चालेल का?

नंदनवन_वायरमन

फ्यूज बॉक्समध्ये हॉर्न किंवा ब्रेक लाइटचा फ्यूज शोधा. तिथे फ्यूज टॅप बसवा, म्हणजे मूळ फ्यूज आणि तुमची वायर एकाच खाचेत येतात, काहीच कापावे लागत नाही. रिलेची कॉइल पाव अँपिअरही घेत नाही, त्यामुळे त्या सर्किटवर भार येत नाही. इसीयू (इंजेक्शन चालवणारा कंप्युटर) आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज मात्र सोडून द्या.

टेप नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, त्यात उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली टेपचा गोंद पातळ होऊन जोड उघडा पडते. वायरीच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून क्रिंप करा आणि वरून हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. वायर सायलेन्सरच्या बेंडपासून आणि इंजिनच्या हेडपासून दूर न्या. हँडलजवळ सैल ठेवा, दोन्ही बाजूंनी पूर्ण वळवून पाहा, ताण आला तर आतल्या तारा तुटत जातात.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढा, जोडताना तो शेवटी लावा. प्लस खोलताना पाना फ्रेमला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही.

कामठी_रोड

एक विनंती. फॉगचा झोत खाली ठेवा भाऊ. भिंतीसमोर गाडी उभी करून, वर बसून पाहा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खालीच राहिली पाहिजे. समोरच्याचे डोळे दिपले तर तो सरळ आपल्याच अंगावर येते.

बुटीबोरी_शिफ्ट

रविवारी बसवतो. मीटरचे आकडे इथेच टाकीन.