सरकारी अनुदानाने पत्रकारिता वाचेल, हे म्हणणे मला मान्य नाही

सुरसागरकाठ :
परवा मांडवीकरांनी येथे लिहिले की, गूगल आणि फेसबुक यांच्या जाहिरातींवर सरकारने कर बसवावा, त्या पैशातून वृत्तपत्रांना अनुदान द्यावे आणि या कंपन्यांवर एक सरकारी नियामक नेमावा. त्याखाली ‘अगदी मनातले बोललात’ अशी रांग लागलेली पाहून गप्प बसवेना.

कर नवा नाही. ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्क्यांची इक्वलायझेशन लेव्ही, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या कमाईवरचा कर, २०१६ पासून होती. ती थेट केंद्राच्या तिजोरीत जात असे, वृत्तपत्रांसाठी वेगळी काढून ठेवलेली नव्हती आणि १ एप्रिल २०२५ पासून तीही रद्द झाली. राहिला नियामक. लहान वृत्तपत्रांचे भले करायचे म्हणूनच १९६० साली केंद्राने आदेश काढून, किती पानांचा अंक किती पैशांना विकायचा, हे ठरवून टाकले होते. पुण्याचा ‘सकाळ’ न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरवला, कारण पाने कापली की मजकूर कापला जातो आणि किंमत वाढवली की वाचक तुटतो. अलीकडचे पाहायचे तर २०२३ साली केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत अशी दुरुस्ती केली की, केंद्राच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे केंद्राचाच कक्ष ठरवणार. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. ज्याच्याविषयी तक्रार त्यानेच निवाडा करायचा, हा न्याय मांडवीकरांना चालत असेल, तर माझे पुढचे लिहिणे व्यर्थ आहे.

मांडवीकर :
सुरसागरकाठ यांचे निकाल चोख पाठ आहेत, परंतु त्यांनी स्वतः कधी एक अंकही काढलेला नाही, हे वाक्यावाक्यातून जाणवते. मी या बडोदे शहरात एकोणीस वर्षे मराठी साप्ताहिक चालवले. गुरुवारी रात्री जेवणे आटोपली की मी, सौ. आणि धाकटा असे तिघे खळ कालवून बसत असू. पत्त्यांच्या पट्ट्या कापायच्या, घडीवर चिकटवायच्या, पिनकोडाप्रमाणे गठ्ठे बांधायचे आणि स्कूटरवर पुढे ठेवून स्टेशनावरच्या आर.एम.एस.मध्ये (रेल्वेच्या टपाल कचेरीत) नेऊन टाकायचे. पोस्टकार्डाला ५० पैसे पडत होते तेव्हा आमच्या अंकाला २५ पैसे पडत. ही सवलत अनुदान नव्हे तर काय होते? तिच्यापायी आमच्या अग्रलेखाची धार बोथट झाली नाही. अमेरिकेने १७९२ च्या टपाल कायद्यातच वृत्तपत्रांना स्वस्त दर दिले. नॉर्वे १९६९ पासून थेट पैसे देतो आणि वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या जागतिक यादीत वर्षानुवर्षे पहिला असतो.

आमचे साप्ताहिक सरकारने बुडवले नाही. मंगल कार्यालय, क्लासवाले, लोणची-मसालेवाले यांची पाव पानाची जाहिरात मोबाइलवर गेली, म्हणून ते बुडाले. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली, या कंपन्यांनी बातम्यांसाठी वृत्तपत्रांना मोबदला द्यावा असा कायदा आणला, तेव्हा फेसबुकने तेथल्या बातम्या अडवल्या आणि सुमारे आठवड्याने पुन्हा सुरू केल्या.

सुरसागरकाठ :
त्या आठवड्यात सरकारनेही कायद्यात सवलती दिल्या, हे आपण सोयीस्करपणे गाळले. कॅनडाही गाळला. तेथे असाच कायदा आल्यावर फेसबुकची मालक कंपनी मेटाने ऑगस्ट २०२३ पासून फेसबुकवरच्या बातम्या बंद केल्या; त्याच महिन्यात वणव्यामुळे यलोनाइफ शहर रिकामे करावे लागले आणि घर सोडून निघालेल्या माणसांना बातमीचा दुवासुद्धा फेसबुकवर एकमेकांना पाठवता येत नव्हता. गूगलने तेथल्या वृत्तसंस्थांना वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर देणे कबूल केले, तेवढे आपल्या पदरात घाला.

समा रोड :
वणव्यासाठी कॅनडात जायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले, तेव्हा मी सासूबाईंना घेऊन माडीवर दोन रात्री काढल्या. फोनवर धरणाविषयीचा एकच खोटा संदेश नऊ नातेवाइकांकडून आला, आणि खरे काय ते कोणत्याही सरकारी खात्याने त्या वेळात मला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी पेपरवाला मुलगा गुडघाभर चिखलातून अंक घेऊन आला, तेव्हा कोणता पूल बंद आणि कोणता चालू हे कळले. आपण दोघे वाद घाला, पण त्या मुलाला पगार कोण देणार, तेही सांगा.

ग्रंथपालाचा नातू :
याचे उत्तर आपल्याच शहरात आहे. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणून राज्यभर ग्रंथालये उभारली, ती खैरात म्हणून नव्हे. गावकऱ्यांनी एक तृतीयांश वर्गणी जमवली, तरच प्रांत पंचायत एक तृतीयांश घालत असे आणि उरलेला तृतीयांश सरकार देत असे. वाचकाने आधी खिशात हात घालायचा, सरकारने मागून. वृत्तपत्रांनाही असेच द्यावे. मग कोणाला जगवायचे, हे मंत्री ठरवणार नाही.

सुरसागरकाठ :
कोणतीही चर्चा सयाजीरावांवर आणून सोडायची, ही आपली बडोदेकरांची जुनी खोड आहे. ग्रंथालय वेगळे आणि दरबाराची झाडाझडती घेणारे वर्तमानपत्र वेगळे. मेजावर कोणते वर्तमानपत्र ठेवायचे, हे त्या गावात कोणी ठरवले, ते सांगा. नसेल सांगता येत, तर ही केवळ संस्थानभक्ती आहे.

ग्रंथपालाचा नातू :
भक्ती हा शब्द आपण मागे घ्यावा. माझे आजोबा नवसारी प्रांतातल्या एका गावात शाळामास्तर होते आणि संध्याकाळी ग्रंथालय उघडत. तो तृतीयांश जमवायला ते दारोदार फिरत. कोणी दोन आणे देई, कोणी भात मोजून देई, आणि गावच्या पाटलाने एका वर्षी त्यांना ओटीवरून परत पाठवले, कारण त्याच्या भाऊबंदकीचा खटला छापलेले वर्तमानपत्र मेजावर ठेवले होते. आजोबांनी ते काढले नाही. पाटलाचे पैसे त्या वर्षी आले नाहीत, ते कोष्ट्यांच्या आळीतून जमा झाले. आपण विचारलेत म्हणून सांगितले. पुराव्यादाखल माझ्याकडे फक्त त्यांची वही आहे.

मांडवीकर :
ही गोष्ट वाचून मी माझ्या मूळ मागणीतला नियामक मागे घेतो. अनुदान मात्र मागे घेत नाही.

सुरसागरकाठ :
उपकार झाले. शब्द मागे घेतो, कारण आजोबांनी मेजावरचा अंक काढला नाही. वाचकाची वर्गणी आधी येणार असेल, तर माझा विरोध अर्ध्यावर येतो. उरलेला अर्धा असा की, वर्गणीदार किती, हे मोजणार कोण? सरकारी जाहिरातीचा दर खपावर ठरतो आणि खपाचे दाखले कसे मिळतात, हे या शहरातल्या प्रत्येक छापखान्याला ठाऊक आहे. तेव्हा मांडवीकरांना एकच सरळ प्रश्न : आपण गुरुवारी रात्री पट्ट्या किती चिकटवत होता?

समा रोड :
हे जरा वैयक्तिक होत आहे.

मांडवीकर :
होऊ द्या. पट्ट्या सहाशे चाळीस होत्या, स्टॉलवर दीडशे अंक जात. चार्टर्ड अकाउंटंटच्या दाखल्यावर तीन हजार दोनशे लिहिलेले असे, आणि त्याच आकड्यावर मिळालेल्या टेंडर नोटिशींचे एक बिल एका कार्यालयाने अकरा महिने अडवले होते, कारण आम्ही त्यांच्या गटारकामाचा फोटो छापला. अग्रलेखाची धार बोथट झाली नाही, असे मी वर लिहिले आहे. बिल सुटल्यावर पुढच्या पावसाळ्यात तसाच फोटो आम्ही काढला होता, पण छापला नाही.